वादळाचे अंतरंग : रडारच्या नजरेतून
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वळवाचा पाऊस आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? वैशाखातल्या दुपारी अंगाची काहिली होत असते, झाडाचे पान हलत नाही आणि तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर काळाभोर ढग उभा राहतो. मग थंड वाऱ्याचा झोत येतो, धुळीचे लोट उठतात, पत्रे खडखडतात, टपोरे थेंब तडतडू लागतात आणि कधी कधी थेंबांच्या मागोमाग गाराही येतात. तास-दीड तासात सारे शांत होते. मागे उरतो तो मातीचा वास, आणि ज्याचे पीक उभे होते त्याच्या शेतात चिखल.

हे सारे आपण बाहेरून पाहिलेले असते. खेड्यातली जुनी माणसे ढगाचा रंग, वाऱ्याची दिशा आणि गुराढोरांची चुळबुळ पाहून वादळ कोणत्या शिवारावर उतरणार याचा अंदाज बांधतात. तो अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, कारण त्यामागे अनेक वर्षांचे निरीक्षण असते. परंतु ढगाच्या पोटात काय चालले आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीच्या त्या काळ्या डोंगरात हवा कोठून आत शिरते, कोठून बाहेर पडते, गारा कोठे तयार होतात, आणि एक वादळ अर्ध्या तासात विरते तर दुसरे तासन् तास गावामागून गावे झोडपीत का जाते, हे प्रश्न बाहेरून पाहून सुटत नाहीत. त्यांची उत्तरे मिळाली ती प्रामुख्याने रडारमुळे.

या लेखात एका विशिष्ट वादळाचा आधार घेऊन ती उत्तरे कशी मिळाली हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे. ते वादळ आपल्याकडचे नाही. ९ जुलै १९५९ रोजी इंग्लंडच्या आग्नेय भागात ते झाले आणि लंडनच्या पश्चिमेकडील वोकिंगहॅम या गावाच्या नावाने ओळखले जाते. परक्या देशातले वादळ निवडण्याचे कारण असे की, प्रचंड गडगडाटी वादळाची अंतर्रचना रडारच्या चित्रांवरून सविस्तर मांडण्याचे काम ज्या मोजक्या वादळांवर प्रथम झाले त्यांत हे अग्रगण्य आहे. आज मुंबईच्या किंवा नागपूरच्या रडारचे चित्र पाहताना हवामानतज्ज्ञ जी अक्षरे वाचतात, त्यांतली बरीचशी या वादळावरून शिकलेली आहेत.

रडार म्हणजे काय?

आडात पाणी किती खोल आहे हे पाहण्यासाठी आपण त्यात खडा टाकतो आणि ‘डुबुक्’ आवाज येईपर्यंत मनातल्या मनात मोजतो. आवाज उशिरा आला तर पाणी खोल, लवकर आला तर वर. रडारचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. खड्याच्या जागी रेडिओलहरींचा एक अतिशय आखूड, पण जोरकस झोत आकाशात सोडला जातो. वाटेत काही आडवे आले तर त्या लहरींचा किंचित अंश परत फिरतो. तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते आणि अँटेनाचे तोंड कोणीकडे होते यावरून दिशा कळते. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातात. त्यामुळे तीस किलोमीटरवरच्या पावसाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या अवघ्या पाच हजाराव्या भागात परत येतो.

रडारचा आणि गडगडाटी वादळांचा संबंध मोठा गमतीचा आहे. ब्रिटनमध्ये रडारचा पाया घालणारे रॉबर्ट वॉटसन-वॅट हे आरंभी तेथील हवामान खात्यात होते. विजांमुळे रेडिओत जी खरखर उमटते तिच्यावरून दूरची वादळे हुडकावीत, असा त्यांचा प्रयत्न होता. पुढे १९३५ मध्ये त्यांनी रेडिओलहरींनी विमान टिपता येते हे दाखवून दिले आणि रडार युद्धाच्या कामी आले. दुसऱ्या महायुद्धात काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणारी रडारे आली, तेव्हा त्यांच्या पडद्यावर विमानांबरोबर पावसाचे डागही दिसू लागले. विमान शोधणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीने तो कचरा होता. हवामानशास्त्रज्ञांनी हाच कचरा उचलला आणि युद्ध संपल्यावर त्याची विद्या केली.

रडारला काय दिसते आणि काय दिसत नाही

पुढील सारा युक्तिवाद एका गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे ती नीट समजावून घेतली पाहिजे. हवामानाच्या कामी येणाऱ्या या रडारला ढग जवळजवळ दिसत नाही, वाराही थेट दिसत नाही. त्याला दिसतात ते पावसाचे थेंब, गारा आणि हिमकण.

असे का? थेंब लहरींच्या लांबीच्या मानाने बराच लहान असेल, तर त्याच्याकडून परत येणारी शक्ती त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. एक मिलिमीटर आणि दोन मिलिमीटर व्यासाचे दोन थेंब घेतले, तर दुसऱ्याचा प्रतिध्वनी पहिल्याच्या दुप्पट नव्हे, चौसष्ट पट असतो. तीन मिलिमीटरच्या थेंबाचा ७२९ पट! आता ढगातल्या सूक्ष्म बिंदूंचा विचार करू. तो बिंदू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. असे दहा लाख बिंदू एकत्र आले तेव्हा कोठे एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब तयार होतो. पाणी तितकेच, पण प्रतिध्वनीचा हिशेब केला तर तो एकटा थेंब त्या दहा लाख बिंदूंच्या एकत्रित प्रतिध्वनीपेक्षा दहा लाख पट मोठ्याने बोलतो.

म्हणजे पाणी भरपूर आहे, पण ते अजून बारीक बिंदूंच्या रूपात आहे, अशी जागा रडारच्या पडद्यावर रिकामी दिसेल. वादळाचे वाचन करणाऱ्याने हे विसरून चालत नाही. पडद्यावर रिकामे दिसणे याचा अर्थ तेथे काही नाही असा होत नाही. तेथे मोठे थेंब नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

परत आलेल्या शक्तीवरून पाऊस किती जोराचा आहे हे काढण्याचे सूत्र मार्शल आणि पामर या कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दिले. आज रडारच्या चित्रांत निळा, हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग दिसतात. तेही याच शक्तीच्या पायऱ्या दाखवतात. निळा-हिरवा म्हणजे हलका पाऊस, तांबडा म्हणजे मुसळधार, आणि त्याहीपुढे गेले की गारांची शंका घ्यायची.

साधे वादळ आपल्याच पावसाने विझते

वोकिंगहॅमच्या वादळाचे वेगळेपण समजण्यासाठी आधी साधे वादळ पाहू. १९४६ आणि १९४७ या दोन उन्हाळ्यांत अमेरिकेत फ्लॉरिडा आणि ओहायो येथे गडगडाटी वादळांचा मोठा अभ्यास झाला. वादळात थेट विमाने घालण्यात आली, जोडीला रडार होते. त्यावरून बायर्स आणि ब्रॅहम यांनी १९४९ मध्ये वादळाच्या एका घटकाच्या आयुष्याच्या तीन अवस्था मांडल्या.

पहिल्या अवस्थेत तापलेली, दमट हवा वर चढते. वर गेल्यावर ती थंड होते, बाष्पाचे बिंदू होतात आणि त्यावेळी सुटणाऱ्या उष्णतेने हवा आणखी जोराने वर जाते. दुसऱ्या अवस्थेत थेंब इतके जड होतात की चढती हवा त्यांना पेलू शकत नाही. पाऊस पडू लागतो आणि आपल्याबरोबर थंड हवा खाली ओढतो. आपल्याला आधी लागतो तो गार वारा हाच. तिसऱ्या अवस्थेत हा उतरता प्रवाह चढत्या प्रवाहाची वाटच बंद करतो आणि ढग विरतो.

दूध उतू येऊ लागले की आई वरून पाण्याचा हबका मारते आणि दूध खाली बसते. साध्या वादळाचे तसेच आहे. पाऊस ज्या चढत्या हवेतून जन्मला तिच्यातच पडतो आणि तिलाच विझवतो. म्हणून आपले बहुतेक वळीव तासाभरात आटोपतात.

मग काही वादळे विझत का नाहीत?

९ जुलै १९५९

त्या दिवशी इंग्लंडच्या दक्षिण भागात जमिनीलगत उबदार, दमट हवा होती. वरच्या थरांत हवा कोरडी व थंड होती आणि वारा उंचीबरोबर जोर धरीत होता. दक्षिणेकडून आलेले एक वादळ ईशान्येकडे सरकू लागले. बेडफर्डशायरमधील डन्स्टेबलजवळ ईस्ट हिल येथे हवामान-संशोधनासाठी निरनिराळ्या तरंगलांबीची अनेक रडारे होती. वोकिंगहॅमपासून हे ठिकाण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. वादळ जणू रडारच्याच दिशेने चालून येत होते.

यातली काही रडारे आडवे चित्र काढीत, म्हणजे वादळाचा नकाशा देत. काही रडारे आपला झोत खालीवर हलवून उभे चित्र काढीत. कलिंगड सुरीने उभे कापल्यावर साल, गर आणि बिया जशा एकदम दिसतात, तसा वादळाचा उभा छेद यातून मिळतो. शिवाय कोणत्या गावी केवढ्या गारा पडल्या याच्या नोंदी जमिनीवरच्या लोकांकडून गोळा करण्यात आल्या. आकाशातील चित्र आणि जमिनीवरची साक्ष अशा दोन्ही गोष्टी हाती होत्या.

या सामग्रीचा अभ्यास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये फ्रँक लडलॅम आणि त्यांचे विद्यार्थी कीथ ब्राउनिंग यांनी केला व १९६२ मध्ये ‘रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ब्राउनिंग यांचा जन्म १९३८ चा. वादळ झाले तेव्हा त्यांनी एकविसावे वर्षही पुरे केले नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांहून ते फारसे मोठे नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

भिंत, छज्जा आणि घुमट

त्या चित्रांत काय दिसले? वादळ सुरुवातीला नेहमीसारखेच होते, एक घटक विरावा आणि शेजारी दुसरा उभा राहावा असे. परंतु वोकिंगहॅमच्या परिसरात ते एका प्रचंड घटकात एकवटले आणि पुढे बराच वेळ त्याने आपला आकार जवळजवळ बदललाच नाही. साध्या वादळाच्या तीन अवस्थांत हे बसत नव्हते. उभ्या छेदात तीन गोष्टी वारंवार दिसत होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे भिंत. मुसळधार पाऊस आणि गारा जेथे जमिनीवर कोसळत होत्या, तेथे प्रतिध्वनीची कड हळूहळू फिकट होत न जाता एकदम तुटल्यासारखी, ताठ उभी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे छज्जा. भिंतीच्या पुढे, म्हणजे वादळ ज्या दिशेने चालले होते त्या बाजूला, उंचावर प्रतिध्वनीचा एक भाग बाहेर आलेला होता. त्याच्या खाली जमिनीपर्यंत पाऊस नव्हता. वाड्याच्या भिंतीतून छज्जा पुढे यावा तसा तो भाग दिसत होता.

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण होती. छज्जा आणि भिंत यांच्यामध्ये, खालून वर घुसलेली, घुमटाच्या आतल्या पोकळीसारखी एक रिकामी जागा होती. तिच्या डोक्यावर, पाठीमागे आणि बाजूंना जोराचा प्रतिध्वनी होता, आत मात्र काही नाही. इंग्रजीत तिला जे नाव पडले त्याचा अर्थ ‘प्रतिध्वनिशून्य घुमट’ असा होतो.

ही पोकळी दृष्टिभ्रम तर नव्हे? अशी शंका रास्त आहे. आखूड लहरी जोराच्या पावसातून जाताना क्षीण होतात आणि पावसाआडचा भाग पडद्यावर रिकामा दिसू शकतो. परंतु येथे रडार वादळाच्या पुढच्या बाजूला होते. झोत आधी पोकळीत शिरत होता आणि तिच्या पलीकडची भिंत पडद्यावर ठळक उमटत होती. दिवा विझला असता तर मागची भिंत दिसली नसती.

रिकामी जागा काय सांगते?

वादळाच्या ऐन मध्यात, गारांच्या भिंतीला लागून, पडद्यावर काहीच दिसू नये याचा अर्थ काय? अनभिज्ञ माणूस म्हणेल की तेथे वादळ थंडावले आहे. खरी गोष्ट नेमकी उलट आहे.

ज्या गारा पडल्या त्यांच्याकडे पाहू. पाच सेंटिमीटर व्यासाची गार हवेतून सेकंदाला सुमारे तीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येते. अशी गार ढगात तरंगत ठेवून वाढवायची तर चढत्या हवेचा वेगही तेवढाच हवा. सेकंदाला तीस मीटर वेगाने चढणारी हवा एका किलोमीटरपासून दहा किलोमीटर उंचीवर पोहोचायला पाचच मिनिटे घेते. एवढ्या थोड्या वेळात तिच्यातल्या सूक्ष्म बिंदूंना एकमेकांत मिसळून मोठे थेंब होण्याची सवडच मिळत नाही. आणि बाहेरचा थेंब त्या प्रवाहात पडू पाहील तर तो वर फेकला जातो. हवा पाण्याने भरलेली आहे, पण ते पाणी रडारला दिसण्याजोगे झालेले नाही. म्हणून पडदा कोरा.

थोडक्यात, घुमट म्हणजे वादळाचा श्वास आत ओढण्याची जागा. पडद्यावर जी जागा सर्वांत निर्जीव दिसते तेथे चढती हवा सर्वांत जोराची असते. या वादळाच्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. वारा दाखवू न शकणाऱ्या यंत्राच्या चित्रातून या संशोधकांनी वाऱ्याचा मार्ग काढला, आणि तोही जे दिसत नव्हते त्याच्या आकारावरून.

न विझणारे यंत्र

हा मार्ग एकदा कळल्यावर बाकीचे दुवे जुळत गेले. जमिनीलगतची उबदार हवा वादळाच्या पुढच्या बाजूने आत शिरते आणि तिरकी होऊन घुमटातून वर जाते. बारा किलोमीटरच्या वर पोहोचून ती पुढच्या बाजूला पसरते. ऐरणीसारखा जो सपाट माथा आपण दुरून पाहतो तो या हवेचा. मधल्या थरातली कोरडी हवा मागच्या बाजूने आत येते. पावसाचे थेंब तिच्यात सुकू लागतात आणि पाणी सुकताना उष्णता शोषली जाते. माठातले पाणी याच नियमाने गार होते. त्यामुळे ही हवा थंड व जड होऊन जोराने खाली उतरते आणि जमिनीवर पसरते. पसरताना ती समोरच्या उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर उचलते. म्हणजे उतरता प्रवाह येथे चढत्या प्रवाहाचा वैरी न राहता त्याचा साहाय्यक होतो.

साध्या वादळात पाऊस चढत्या हवेवरच पडतो. येथे चढता प्रवाह तिरका असल्यामुळे पाऊस त्याच्या बाहेर पडतो. दुधावर पाण्याचा हबका मारला खरा, पण तो भांड्याच्या बाहेर गेला! चुलीचा जाळ चालूच राहिला. चढता प्रवाह तिरका ठेवतो तो उंचीबरोबर बदलत जाणारा वारा. म्हणून नुसती उष्णता आणि दमटपणा पाहून भयंकर वादळाचा अंदाज करता येत नाही. वरच्या थरांत वारा कसा आहे हेही पाहावे लागते.

गारांचे कोडेही यातून सुटले. खळ्यावर धान्य उफणताना दाणे जवळ पडतात आणि भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. चढता प्रवाह वादळाच्या माथ्याशी अशीच उफणणी करतो. मोठ्या गारा लगेच भिंतीत कोसळतात, लहान पुढे छज्ज्यात फेकल्या जातात. छज्ज्यातून खाली येताना त्यांतल्या काही पुन्हा घुमटाच्या तोंडाशी सापडतात आणि दुसऱ्यांदा वर ओढल्या जातात. वरच्या थरात पाणी शून्य अंशाच्या खालीही द्रवरूपात असते. त्याचे बिंदू या गारांवर आदळून गोठतात आणि गार वाढते, अशी उपपत्ती लडलॅम व ब्राउनिंग यांनी मांडली. पुढे या विषयात पुष्कळ भर पडली, तपशील बदलले. पण गार मोठी व्हायला तिला चढत्या प्रवाहाच्या काठाशी रेंगाळावे लागते हा विचार टिकून आहे.

असे एकसंध, दीर्घायुषी वादळ पुढे ‘सुपरसेल’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ते नावही ब्राउनिंग यांनीच दिलेले आहे.

डॉप्लरची भर

वाऱ्याचा वेग तर्काने काढण्याची गरज पुढे बरीच कमी झाली. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते. त्याच नियमाने रडारकडे येणाऱ्या व रडारपासून दूर जाणाऱ्या थेंबांच्या प्रतिध्वनीत सूक्ष्म फरक पडतो. तो मोजणारे रडार म्हणजे डॉप्लर रडार. त्याच्या चित्रात रडारकडे येणारा आणि दूर जाणारा वारा निराळ्या रंगांत दिसतो. हे दोन रंग अगदी शेजारी आले तर तेथे हवा गरगर फिरते आहे असे ओळखावे. त्याआधी फिरणारी वादळे केवळ आकारावरून ओळखावी लागत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ९ एप्रिल १९५३ रोजी एका चक्रवाती वादळाच्या कडेला रडारवर आकड्यासारखा वळलेला प्रतिध्वनी दिसला. तेव्हापासून तो आकडा धोक्याची खूण मानला जातो. आणखी अलीकडची रडारे उभ्या व आडव्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडतात. पावसाचा मोठा थेंब पडताना चपटा होतो, गार मात्र गडगडत येते. त्यामुळे दोन्ही लहरींच्या प्रतिध्वनींची तुलना करून थेंब व गार यांतला भेदही करता येतो.

आपले आभाळ

भारतात चक्रीवादळांवर नजर ठेवणारे पहिले मोठे रडार १९७० मध्ये विशाखापट्टणमला बसले. पहिले डॉप्लर हवामान-रडार २००२ मध्ये चेन्नईला आले. आज महाराष्ट्रात मुंबई व नागपूर येथे हवामान खात्याची डॉप्लर रडारे आहेत आणि त्यांची चित्रे खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. अँटेना एकेक फेरा वरच्या कोनात घेत संपूर्ण आकाश न्याहाळते. त्याला साधारण दहा मिनिटे लागतात.

परंतु रडारलाही मर्यादा आहेत. पृथ्वी गोल आहे आणि झोत जवळजवळ सरळ जातो. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला झोत दोनशे किलोमीटरवर पोहोचतो तेव्हा तो जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच गेलेला असतो. तेथल्या वादळाचा खालचा भाग, म्हणजे भिंतीचा पाया आणि घुमटाचे तोंड, त्याला दिसतच नाही. मध्ये डोंगर आला तर झोत अडतो. शिवाय झोत पुढे जाताना रुंदावतो. एक अंशाचा झोत शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद होतो आणि बारीक तपशील पुसले जातात. रडारपासून दूर असलेल्या गावाला वादळाची बातमी अपुरी मिळते ती या भूमितीमुळे. म्हणून रडारे अधिक व जवळजवळ हवीत, ही मागणी रास्त आहे.

तिची निकड आपल्याला २०१४ साली चांगलीच कळली. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी ऐन काढणीला आलेली होती. द्राक्षे, डाळिंबे, आंबा यांच्या बागा झोडपून निघाल्या. गारांनी जनावरे आणि पक्षीही मेले. विजेचा धोका तर दरवर्षीचाच. आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मृत्युमुखी पडतात. त्यांत शेतात काम करणाऱ्यांचा आणि पावसापासून वाचण्यासाठी झाडाखाली उभे राहणाऱ्यांचा भरणा मोठा असतो.

अर्ध्या तासाची किंमत

रडार वादळ थांबवू शकत नाही. ते वेळ देऊ शकते, तोही थोडा. वादळ वीस किलोमीटरवर असेल आणि ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येत असेल, तर हातात अर्धा तास असतो. रडारच्या हिशेबात ही तीन चित्रे झाली.

अर्ध्या तासात काय होते? द्राक्षाची बाग अर्ध्या तासात झाकता येत नाही, उभा गहू कापता येत नाही. हे कबूल केलेच पाहिजे. परंतु आमच्यासारख्या कोरडवाहू घरातला अनुभव सांगतो की अर्ध्या तासात हरभऱ्याच्या सुडीवर ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवता येतात. कांद्याचा ढीग झाकता येतो. बैल झाडाखालून सोडून गोठ्यात नेता येतात. लांबच्या वावरात खुरपणाऱ्या बायांना हाक मारून घरी आणता येते. यातले शेवटचे काम बाकी साऱ्यांहून मोलाचे. पीक पुढच्या हंगामात पुन्हा येते.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप तयार केले आहे. रडारची चित्रे खुली आहेत. पण चित्र खुले असणे आणि ते वाचता येणे यांत अंतर आहे. सातबारा ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती तो असून काय उपयोग? तसेच हे आहे. तांबडा डाग पाहून घाबरावे एवढे सर्वांना समजते. तो डाग कोणत्या बाजूला सरकतो आहे, त्याची कड एकदम तुटलेली आहे का, लागोपाठच्या तीन चित्रांत तो वाढतो आहे की विरतो आहे, आणि पुढच्या बाजूचा रिकामा भाग सुरक्षित समजायचा की नाही, हे कोणीतरी शिकवावे लागते.

हे शिकण्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. आपल्या भूगोलाच्या तासाला आपण समोच्चदर्शक रेषा वाचायला शिकतो. कागदावरच्या वाकड्यातिकड्या रेषांतून डोंगर उभा करतो. रडारचे चित्र हाही एक नकाशाच आहे, फक्त तो दर दहा मिनिटांनी बदलतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत एका वळवाच्या दिवसाची चार चित्रे लावून वादळाचा मार्ग आखण्याचा पाठ घेतला, तर प्रत्येक वर्गातून पाच-पंचवीस गावांत एकेक वाचक तयार होईल. आपल्या महाविद्यालयात बाहेरगावाहून एस. टी.ने येणारे विद्यार्थी किती आहेत हे पाहिले म्हणजे ही गोष्ट किती सोपी आहे ते ध्यानात येईल.

जुन्या माणसांचे आभाळ वाचणे यामुळे निकामी होणार नाही. ढगाचा तळ कसा दिसतो, वारा केव्हा फिरला, गार झोत कोणीकडून आला, ही माहिती दोनशे किलोमीटर दूरच्या रडारला मिळत नाही. ती बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच मिळते. वोकिंगहॅमच्या अभ्यासातही रडारच्या चित्राशेजारी लोकांनी कळवलेल्या गारांच्या नोंदी होत्याच. दोन्ही साक्षी एकत्र आल्या तेव्हा वादळाचे अंतरंग उलगडले. आपल्याकडे एक साक्ष गावोगाव पिढ्यान्पिढ्या आहे. दुसरी आता हातातल्या फोनवर येऊन पोहोचली आहे. या दोन्ही साक्षी वाचता येणारी माणसे तयार करणे हे काम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी अंगावर घेण्याजोगे आहे, आणि पुढचा वैशाख यायच्या आत त्याला सुरुवात करता येईल.